गेलेले खेळाडू आणि उरलेली लीग

आमच्या डहाणूकडील सरावलीच्या आसपासच्या पाड्यांतून दरसाल भातकापणी उरकली की माणसे उंबरगाव-वापीकडे किंवा थेट मुंबईच्या वाटेने कामाला निघतात, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांतून कोणी हाकाटी करीत नाही. पण एखादा नामांकित फुटबॉलपटू परमुलखात गेला, की मागे राहिलेल्या लीगचे आता कसे होणार या चिंतेने जाणत्यांची झोप उडते. अमेरिकेत 1996 साली सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरविषयी ही चिंता वारंवार व्यक्त झाली आहे. डॅलसच्या क्लबाने घडवलेला वेस्टन मॅककेनी त्या क्लबाच्या मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता 2016 साली जर्मनीच्या शाल्के संघात दाखल झाला, तेव्हा ती चिंता निराधार होती असे म्हणवत नाही.

परंतु आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधून विकणारा रोपवाटिकेचा मालक कलम गाडीत चढले म्हणून हवालदिल होत नाही. मातृवृक्ष शाबूत आहे ना आणि विक्रीचा पैसा जमेस धरला गेला ना, एवढेच तो पाहतो. अमेरिकनांना हा जमाखर्च उशिरा उमगला. घडवलेल्या खेळाडूच्या प्रशिक्षणाची भरपाई परदेशी क्लबाकडून मागण्याचा निर्णय त्यांच्या लीगने 2019 साली जाहीर केला, आणि 2022 च्या आरंभी त्याच डॅलसचा रिकार्डो पेपी जर्मनीच्या आउग्सबुर्ग संघात गेला तो मात्र घसघशीत रक्कम मोजून घेऊनच.

आपल्याकडे या प्रश्नाचे खरे उदाहरण गोमंतकात सापडते. पोर्तुगीज अंमल असेतोवर गोव्याच्या तरुणाला मुंबई हा कायद्याने परदेशच होता. तरीही तो येई, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडा’त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात, पत्र्याची पेटी ठेवण्यापुरती जागा मिळवी, सांजवेळी सगळ्यांबरोबर वेदीपुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणे, आणि पायात चेंडूची कला असली तर रेल्वेच्या किंवा टाटांच्या दप्तरात नावापुरती कारकुनी पत्करून कूपरेजच्या मैदानावर उतरे. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको पश्चिम रेल्वे आणि टाटा यांच्याकडून खेळत भारतीय संघात पोहोचला आणि 1962 च्या जकार्ता एशियाडमधील सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. गोव्याने असा मोहरा गमावला म्हणून शोक करावा, तर तोच फ्रँको 1966 साली वास्कोच्या साळगावकर संघात दाखल झाला, कारण तोवर गोव्याच्या खाणमालकांनी मुंबईच्या कंपन्यांप्रमाणेच खेळाडूला नोकरी आणि पगार देणारे संघ उभे करावयास प्रारंभ केला होता. परतणाऱ्यासाठी घरी चूल पेटलेली होती.

या व्यवस्थेचा कळस म्हणजे 2007-08 ते 2012-13 हा काळ. या सहा हंगामांत आय-लीगचे, म्हणजेच भारताचे राष्ट्रीय, विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही: डेम्पोने ते तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा मिळवले. नेमक्या याच काळात सुनील छेत्री डेम्पोबरोबर विजेता ठरून 2010 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संघाकडे गेला, तेथील लीगच्या एकाही सामन्यात मैदानावर न उतरता परतला, पुढे लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघात गेला आणि तेथून उसनवारीवर चर्चिलकडे येऊन 2013 च्या विजेतेपदात सहभागी झाला. त्याच्या जाण्याने डेम्पो खचले म्हणावे, तर 2011-12 चे विजेतेपद पुन्हा त्यांचेच. मला तर वाटते, देशातला सर्वोत्तम गोल करणारा जातो आणि येतो, तरी लीगचा गाडा अडत नाही, याहून तिच्या प्रकृतीचा निर्वाळा दुसरा कोणता हवा?

ती लीग खालावली ती निराळ्याच कारणांनी. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले आणि ज्या धंद्याच्या बळावर तेथे फुटबॉलचे संघ पोसले गेले होते तो धंदाच बसला; 2014 साली इंडियन सुपर लीग अवतरली; आणि भारतीय फुटबॉल महासंघाने जुन्या आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा आराखडा मांडताच 2016 साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ तीमधून बाहेर पडले. (गंमत अशी की नव्या लीगमधील एफसी गोवाच्या आरंभीच्या मालकांत डेम्पो आणि साळगावकर ही घराणी होतीच.) मुंबईत तर महिंद्र युनायटेड हा 2005-06 चा राष्ट्रीय विजेता संघ त्याच्या मालकांनी 2010 सालीच गुंडाळला होता. यांतला एकही संघ बाहेर पडला तो त्याचा खेळाडू परदेशी गेला म्हणून नव्हे. मालकाने हिशेबाची वही मिटली म्हणून. डेम्पोने पुढे खालच्या श्रेणीतून चढत 2024-25 च्या हंगामात आय-लीग पुन्हा गाठली, पण ज्या लीगचे विजेतेपद त्यांनी कधीकाळी तीनदा मिळवले, ती तोवर देशातील दुसऱ्या दर्जाची लीग झाली होती.