नकलेचा मान

राजा रविवर्म्याचे ‘यशोदा आणि कृष्ण’ हे तैलचित्र २०२३ साली मुंबईतल्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेले. बातमी वाचून हळहळायचे कारण नाही. रविवर्मा आपल्या घरांत शिरला तो तैलरंगातून नव्हे, छापील चित्रांतून. १८९४ साली त्याने गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक ठसे घ्यायचे, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या साडीला गुलाबी झाक यायची. घरोघरी या कागदी लक्ष्मीला बायकांनी जर लावली, टिकल्या शिवल्या. ३८ कोटींच्या कॅनव्हासला सुई टोचायची कुणाची छाती झाली असती? नक्कल हाताळता येते, सजवता येते, पुजता येते. तिचा खरा लाभ हाच.

गंमत अशी, की आता त्या छापील चित्रांनाच संग्राहकांचा भाव आला आहे आणि त्यांच्याही नकला निघाल्या आहेत. ओळखायचे तर साधे भिंग पुरते. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात. जुन्या दगडी छपाईत ते लहानमोठे, हाताने टिपल्यासारखे विखुरलेले असतात. नवी प्रत नवी म्हणून घेतली तर तिच्यात वाईट काहीच नाही. चहाच्या पाण्यात बुडवून ती जुनी म्हणून खपवली, की मात्र तो धंदा फसवणुकीचा.

नाण्यांचेही तसेच. शिवछत्रपतींचे सोन्याचे होन अगदी मोजके सापडतात. प्रतिकृती मात्र सहज मिळते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. तांब्याची अस्सल शिवराई जुन्या बाजारात अजून परवडते, पण ठशाच्या मानाने तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे निम्मी अक्षरे काठाबाहेर गेलेली. प्रतिकृतीवर पूर्ण मजकूर वाचून नजर तयार झाली, की अस्सल शिवराईवरचा तुटका ‘छत्र’ही लगेच ओळखू येतो. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा ठसा सक्तीचा केला. आपल्याकडच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांनी तो आपणहून उमटवायला हरकत नाही.

कधी कधी तर नक्कलच अस्सलाची साक्षीदार ठरते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात वर्षानुवर्षे भित्तिचित्रे उतरवत राहिले. १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत त्यांतली बरीच जळाली. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतींचेही १८६६ साली तेच झाले होते. ग्रिफिथ्सच्या चमूची वाचलेली चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि भिंतीवर आज पुसट झालेले काही तपशील त्यांत टिकून आहेत. या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रंग उजळ दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी भिंतींवर वार्निश फासले, ते पुढे पिवळे पडले आणि मूळ चित्रांना भोवले.

फ्रान्सने यातून वाट काढली. प्रेक्षकांच्या श्वासाने लास्कोची प्राचीन चित्रांची गुहा बिघडू लागली, म्हणून १९६३ साली ती बंद केली आणि १९८३ मध्ये शेजारीच प्रतिकृती उघडली. लोक आता प्रतिकृतीच पाहतात, मूळ चित्रे गर्दीपासून वाचतात.

तेव्हा भिंतीवर प्रत लावायला लाजू नये. मागच्या बाजूला मात्र ती कुणी आणि कधी छापली एवढे लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी ती कुणाच्या हाती पडेल ते आपल्याला ठाऊक नाही, आणि प्रामाणिक नक्कल व खोटा माल यांच्यात फरक असतो तो त्या एका ओळीचा.