साक्ष टिपली, आता ती टिकवायची कशी?

दर 17 सप्टेंबरला आपण बीड जिल्ह्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. रझाकारांचे जुलूम आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते खरेच आहेत. पण निजामाची फौज शरण आली त्यानंतरच्या दिवसांत ठिकठिकाणी मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्यावर आपण बोलत नाही. पंडित सुंदरलाल समितीनं 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून 27 ते 40 हजार मृत्यूंचा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक मिळून किमान 5 हजार. सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. म्हणून ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचं बोलणं मोलाचं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे.

चित्रण मोबाइलवरही होतं. घोळ पुढं होतो. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की ती दाबली जाते, चेहरा पुसट होतो. मूळ फाईल तशीच ठेवायची, तिच्या तीन प्रती करायच्या आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. हार्ड डिस्क काही देवघरातला टाक नव्हे. चार-पाच वर्षांनी ती बदलावीच लागते. ज्यू नरसंहारातून वाचलेल्यांच्या 50 हजारांहून अधिक साक्षी 1994 पासून टिपणाऱ्या शोआ फाउंडेशनलाही पुढं सगळ्या टेप डिजिटल कराव्या लागल्या.

मग नोंद. आजी ‘मोमिनाबाद’ म्हणते, शोधणारा ‘अंबाजोगाई’ टाइप करतो, आणि साक्ष असूनही सापडत नाही. दोन्ही नावं लिहा. तिची दखनी ‘शुद्ध’ करू नका. ती मधेच गप्प बसली तर तेवढा भाग कापू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच. ती मारणाऱ्याचं नाव घेते, आणि त्याचा नातू आज शेजारच्या गल्लीत राहतो. नाव पुसलं तर साक्ष अधू होते. उघड केलं तर तिच्या नातवंडांनी त्याच गावात राहायचं कसं? आम्हाला वाटतं, मूळ प्रत अखंड ठेवावी, पण ठरावीक वर्षं कुलुपात. किती वर्षं, हे तिनं सांगायचं, आपण नाही. तेही कॅमेऱ्यासमोर विचारावं, आणि मुलाखत संपल्यावर पुन्हा एकदा. बोलून मोकळं झाल्यावर माणसाचं मत बदलतं.