ओळखीच्या वस्तूचे नवे दर्शन

नित्य सवयीने दृष्टी बोथट होते. रोजची वस्तू आपण ओळखतो, परंतु पाहत नाही. सवयीच्या या पडद्यातून वस्तूला मुक्त करणे हे कलेचे कार्य होय, असे रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ साली प्रतिपादिले. या क्रियेस ‘अपरिचितीकरण’ म्हणतात. त्यांनी टॉल्स्टॉय यांच्या एका कथेचा दाखला दिला. तीत एक घोडा आपली कहाणी सांगतो. माणसे ‘माझे, माझे’ का म्हणतात, हे त्याला उमगत नाही. आणि मालकीची रूढ कल्पना वाचकालाही विचित्र दिसू लागते.

असे पाहणे प्रयोगशाळेतही फलदायी ठरते. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर हे रसायनशास्त्रज्ञ १९६८ साली बळकट चिकटद्रव्य शोधीत होते. हाती आलेले द्रव्य मात्र चिकटे आणि सहज सुटे. त्याचा उपयोग कोणास सुचेना. तरी सिल्व्हर सहकाऱ्यांपुढे त्याविषयी बोलत राहिले. आर्थर फ्राय यांनी ते ऐकले होते. चर्चमध्ये गाताना त्यांच्या गीतपुस्तकातील खुणेचे कागद गळून पडत. १९७४ साली त्यांच्या ध्यानी आले, की सहज सुटणे हाच येथे गुण आहे. कंपनीत कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांना देण्याची मुभा होती. १९८० साली ‘पोस्ट-इट’ चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीस आल्या.

द्रव्याचा दोष गुण ठरला तो दृष्टी पालटल्यामुळे. ‘फसला’ असा शिक्का मारून प्रयोग अडगळीत टाकणारी संस्था स्वतःचेच धन गमावते. तत्पूर्वी तिने त्या घोड्याच्या डोळ्यांनी एकवार पाहावे.