जनावरांची वेदनाशामक औषधे व त्यांचे दुष्परिणाम

बैलाची खांदेसूज, गाईचा कासदाह किंवा चिखलात मुरगळलेला पाय यांवर वेदनाशामक सुई टोचली की जनावर थोड्याच वेळात हुशारते. या झटपट गुणामुळे ही औषधे पुष्कळदा पशुवैद्यकास न विचारताच वापरली जातात. वेदना व सूज उतरावी म्हणून शरीरातील ज्या द्रव्याची निर्मिती ही औषधे रोखतात, तेच द्रव्य पोटाच्या अस्तराचे रक्षण करते व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळते, हे मात्र ध्यानात घेतले जात नाही.

दुष्परिणाम ओळखणे अवघड नाही; पाहणारा हवा. जनावर वैरणीकडे पाठ फिरवते, रवंथ मंदावते. शेण डांबरासारखे काळे व चिकट झाले आणि हिरड्या फिकट पडल्या, तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होत असल्याचा संशय घ्यावा. लघवी कमी होणे हे मूत्रपिंडास इजा झाल्याचे चिन्ह असू शकते. हगवणीने वा उन्हाने अंगातील पाणी आटलेल्या जनावरास हा धोका अधिक. असे काही दिसताच पुढील मात्रा थांबवावी, पिण्यास पाणी ठेवावे व पशुवैद्यकास बोलावून औषधाची रिकामी बाटली दाखवावी. एका औषधाने गुण आला नाही म्हणून स्वतःच्या मनाने दुसरे वेदनाशामक किंवा स्टेरॉईड जोडणे हा तर सर्वांत घातक प्रकार होय.

हा परिणाम गोठ्यापुरता राहत नाही. डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर लगेच दगावले आणि ते गिधाडांनी खाल्ले, तर मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मरतात. पाकिस्तानातील संशोधनातून २००४ साली हे उघड झाले. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९० नंतरच्या काळात शेकडा ९९ हून अधिक घटली. गावाबाहेर टाकलेले मढे आता कुत्र्यांच्या वाट्याला जाते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत, म्हणून २०१५ साली त्या बंद करून ३ मिलिलिटरची मर्यादा घालण्यात आली. २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी झाली. गावात जनावर दगावल्यास अखेरच्या दिवसांत त्यास काय टोचले होते, याची चौकशी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावी. संशय असल्यास मढे उघड्यावर न टाकता खोल पुरावयास लावावे.

मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरले आहे. याचा अर्थ ते गाईस वाटेल तितके द्यावे असा नव्हे. मात्रा जनावराचे वजन पाहून पशुवैद्यकाने ठरवावी, आणि औषधानंतर किती दिवस दूध विकू नये हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.