रिंगणातून पाण्यात

मुष्टियुद्धातील एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. प्रतिस्पर्ध्याच्या तडाख्याने एखादा योद्धा कोसळला, की पंच एक ते दहा आकडे मोजू लागतो. दहावा आकडा उच्चारला जाण्यापूर्वी जो सावरून उभा राहतो, त्यालाच लढत पुढे चालविता येते. पडणे म्हणजे पराभव नव्हे. पडून राहणे हाच पराभव, असे हा नियम सांगतो. महाराष्ट्राच्या एका मुष्टियोद्ध्याने हा नियम आपल्या आयुष्यात खरा करून दाखविला. त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर.

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात पेठ नावाचे गाव आहे. पेटकर तेथलेच. गावोगावी तालीम असलेल्या या मुलखात त्यांनाही बालपणी कुस्तीची गोडी लागली. पुढे ते भारतीय सैन्याच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात दाखल झाले. तेथे त्यांनी मुष्टियुद्धाचे शिक्षण घेतले आणि एक उमदा मुष्टियोद्धा म्हणून सैन्यात नाव मिळविले.

परंतु १९६५ साली भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. त्या युद्धात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांच्या चपळाईवर मुष्टियोद्ध्याची सारी भिस्त, तेच पाय कायमचे गेले. रिंगणाची वाट बंद झाली.

रुग्णालयात उपचाराचा एक भाग म्हणून ते पोहू लागले. पाणी शरीराचा भार उचलून धरते. म्हणून ज्याला जमिनीवर उभे राहता येत नाही, त्यालाही पाण्यात हालचाल करता येते. मात्र पाय निकामी झालेल्या माणसाला पोहताना ते मागे ओढीत न्यावे लागतात, आणि सारे बळ खांद्यांतून व बाहूंतून आणावे लागते. मुष्टियुद्धाने पेटकरांचे बाहू, खांदे व दमसास घडविलेले होते. एका खेळाची कमाई अशी दुसऱ्या खेळाच्या उपयोगी पडली. उपचार म्हणून जे सुरू झाले, तेच पुढे साधना बनले.

अशा जखमी सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये एक मोठे कार्य आधीच सुरू झाले होते. डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात १९४८ साली चाकांच्या खुर्चीवरील रुग्णांच्या क्रीडास्पर्धा भरविल्या. खेळ हे केवळ मनोरंजन नसून पुन्हा उभे राहण्याचे साधन आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच बीजातून पुढे पॅरालिंपिक स्पर्धांचा वृक्ष वाढला. १९६८ साली तेल अवीव येथील अशा स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले. परंतु पदक मिळाले नाही. ते खचले नाहीत. १९७० साली एडिंबरो येथे राष्ट्रकुलातील दिव्यांगांच्या स्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले.

मग १९७२ साल उजाडले. त्या वर्षी पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा भरल्या. ५० मीटर मुक्तशैली जलतरणात पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापून विश्वविक्रम केला व सुवर्णपदक पटकाविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्णपदक लाभण्यास पुढे २००८ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे या यशाची थोरवी कळते.

तथापि, त्या यशाचा योग्य गौरव होण्यास फार काळ लोटला. हायडेलबर्गनंतर तब्बल ४६ वर्षांनी, २०१८ साली, त्यांना 'पद्मश्री' देण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना अर्पण करण्यात आला. ज्यांनी देशासाठी आपले पाय गमावले आणि बाहूंच्या बळावर देशाला सुवर्ण मिळवून दिले, त्यांची आठवण समाजाने इतकी उशिरा ठेवावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

नियती माणसाला कधी, कोठे व कसे पाडील, हे सांगता येत नाही. पाडणाऱ्यावर आपली सत्ता नसते. उठण्यावर मात्र असते. पेटकर ज्या रिंगणात पडले, त्यात त्यांना पुन्हा उभे राहता आले नाही. पण आकडे संपण्यापूर्वी त्यांनी दुसरे रिंगण शोधले आणि ते जिंकले.