विकण्याआधी घरचे माप काढा



पाऊस सरला की बाजारकुणंगच्या बाजूला कंद काढणीला येतात. जोयडा तालुक्यातील कुणबी शेतकऱ्यांची मुडली, सुरण, करांदे घ्यायला जोयड्याच्या कंदमेळ्यात दूरचे लोक येतात व पिशव्या भरून नेतात. आपण मात्र कंद आणि नाचणी विकून त्याच पैशांत पांढरा तांदूळ व मैद्याची बिस्किटे आणतो. आमचे ताटही याला अपवाद नव्हते, हे आधी कबूल करतो.

तांदूळ जितका पांढरा तितका चांगला, हा समज खोटा आहे. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर डॉ. क्रिस्तियान आयकमान यांना दिसले, की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. कोंडा दिला की त्या सुधारतात. माणसांच्या बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून उमगले. कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व असते. या कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपण मात्र तो कोंडा गुरांना घालतो!

नाचणीचेही तसेच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात सुमारे १०. वाढत्या मुलांच्या व बाळंतिणीच्या हाडांना कशाची गरज आहे, हे सांगायला नको.

मग काय करावे?

सकाळी बिस्किटांऐवजी नाचणीचे आंबील किंवा भाकरी घ्यावी. भात उकड्या तांदळाचा करावा. उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते. बिनपॉलिशचा तांदूळ महिन्यापुरताच काढून आणावा, कारण कोंड्यातील तेल लवकर खवट होते. मुडली आमसूल घालून नीट शिजवावी, म्हणजे घसा खाजत नाही. रानातला अनोळखी कंद मुळीच खाऊ नये. मधुमेह असलेल्यांनी कंद भाताबरोबर नव्हे, भाताच्या जागी खावा, आणि डॉक्टरांचे औषध स्वतःहून बंद करू नये.

आणखी एक. जेवणाआधीची प्रार्थना घाईत उरकू नये. मोबाईल बाजूला ठेवावा, सर्वांनी एकत्र बसावे, घास चावून खावा. पोट भरल्याची खूण मनाला उशिरा पोहोचते.

यंदा व्यापारी दारी येण्याआधी नाचणीचे पहिले माप घरच्या कोठीत घाला. उरेल ते खुशाल विका. सगळ्या गावाला पोसणाऱ्याच्या घरी मुले अशक्त राहावीत, हे आपल्याला शोभत नाही.