वापिटीची शिकार

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या प्रदेशात वापिटी या मोठ्या हरणाची परवाना घेऊन केली जाणारी शिकार. तेथे हे हरिण सामान्यतः ‘एल्क’ या नावाने ओळखले जाते. यूरोपात मात्र एल्क हे नाव मूस या निराळ्या हरणाला लावतात. ‘वापिटी’ हा शब्द शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेतील असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा आहे. शास्त्रीय नाव सर्व्हस कॅनडेन्सिस. पूर्ण वाढ झालेल्या नराची खांद्यापाशी उंची सु. १·५ मी. व वजन सु. ३०० किग्रॅ. असते. शिंगे फक्त नराला असतात. ती दरवर्षी गळून पडतात व नवीन येतात.

ऱ्हास व पुनर्वाढ : यूरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत सु. १ कोटी वापिटी असावेत, असा अंदाज आहे. बाजारासाठी केलेली अनिर्बंध कत्तल व कुरणांचा नाश यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या १ लाखाच्याही खाली गेली. पूर्वेकडील उपजाती तर नामशेष झाली. १९०० च्या लेसी अधिनियमाने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली. १९१२ मध्ये वायोमिंग राज्यात जॅक्सनजवळ वापिटींसाठी राष्ट्रीय आश्रयस्थान स्थापन झाले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमानुसार शिकारीच्या बंदुका व दारूगोळा यांवरील केंद्रीय कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवरक्षणासाठी मिळू लागले. आज वापिटींची संख्या सु. १० लाख असून सर्वांत मोठे कळप कोलोरॅडो राज्यात आहेत.

परवाना व हंगाम : कोणत्या विभागात, कोणत्या दिवसांत, कोणत्या शस्त्राने आणि नर की मादी मारावयाची, हे परवान्यात ठरलेले असते. मागणी जास्त असलेल्या विभागांचे परवाने सोडतीने दिले जातात. त्यामुळे तयारीचा आरंभ हंगामापूर्वी अनेक महिने करावा लागतो. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारसुरक्षेचे शिक्षण घेतल्याचा दाखला आवश्यक असतो. धनुष्यबाणाचा हंगाम बहुधा सप्टेंबरमध्ये, म्हणजे माजाच्या काळात येतो. त्या वेळी नर तुतारीसारखा लांब, चढत जाणारा आवाज काढतात व शिकारी त्याची नक्कल करून त्यांना जवळ बोलावितात. रायफलीचे मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. बर्फ पडू लागले की, कळप उंच कुरणांवरून खालच्या दऱ्यांकडे सरकतात.

शारीरिक तयारी : शिकारीची क्षेत्रे पुष्कळदा २,५०० ते ३,५०० मी. उंचीवर असतात. ३,००० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. ७० टक्केच असल्याने सखल भागातून आलेल्यास डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांचा त्रास होतो. म्हणून पाठीवर वजन घेऊन चढ चढण्याचा सराव काही महिने आधी सुरू करणे व पर्वतात दोन-तीन दिवस आधी पोहोचणे हितावह ठरते. लक्षणे वाढल्यास खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय होय. घामाने वा पावसाने कपडे भिजल्यास शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. त्यामुळे लोकरीचे वा लवकर सुकणारे कपडे थरांनी घालतात. काड्यापेटी, होकायंत्र व नकाशा जवळ असावाच लागतो. रायफलीच्या हंगामात इतर शिकाऱ्यांना दिसावे म्हणून भडक रंगाचा पोशाख घालणे अनेक राज्यांत सक्तीचे असते. कोलोरॅडोत तो नारिंगी वा गुलाबी असावा लागतो.

शस्त्र व नेम : रायफल प्रवासात हलल्यामुळे तिचा नेम शिकारीच्या ठिकाणी पुन्हा तपासावा लागतो. खांद्यामागील फुप्फुसे व हृदय हे लक्ष्य होय. तेथे अचूक मारा झाल्यास जनावर लवकर मरते. तीव्र उतारावर तिरकस अंतराऐवजी क्षितिजसमांतर अंतर हिशेबात धरले नाही, तर गोळी लक्ष्याच्या वरून जाते. ज्या अंतरावर सरावात नेम हमखास लागतो, त्यापलीकडे मारा करू नये, असा संकेत आहे. कारण जखमी जनावर दाट जंगलात शिरून वाया जाते व यातना भोगीत मरते.

वापिटीचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. पर्वतात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते व ऊन चढल्यावर ती वर जाऊ लागते. यास्तव पहाटे कळपाकडे खालून, तर दिवसा वरून जाणे सोयीचे असते.

मांसाची व्यवस्था : तयारीचा हा सर्वांत महत्त्वाचा व नवख्याकडून सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. मोठ्या नरापासून हाडे काढल्यावरही सु. १०० किग्रॅ. मांस मिळते. जाड कातडी व मोठे शरीर यांमुळे आतील उष्णता टिकून राहते व विशेषतः मांडीच्या हाडाजवळ मांस लवकर नासते. म्हणून कातडी तत्काळ सोलून, फरे सुटे करून, विरळ विणीच्या पिशव्यांत सावलीत टांगतात. घोडे वा खेचरे नसल्यास एका माणसाला चार-पाच खेपा कराव्या लागतात. शिकार तळापासून ५ किमी. अंतरावर झाली, तर चार खेपांसाठी मांस नेणे व रिकामे परतणे मिळून ३५ किमी. चाल पडते. खाण्याजोगे मांस टाकून देणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. त्यामुळे किती दूर शिकार करावयाची, हे नेमबाजीवरून नव्हे, तर मांस वाहून नेण्याच्या शक्तीवरून, तेही गोळी झाडण्यापूर्वी ठरवावे लागते. माँटॅना व वायोमिंगमधील तपकिरी अस्वलांच्या प्रदेशात मांस तळापासून दूर व उंच टांगणे आवश्यक असते.

काही भागांत वापिटींना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा घातक रोग होतो. तो प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत आढळला. अशा भागांत जनावराच्या लसीका ग्रंथींची तपासणी करून घेतात. बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असा आरोग्यतज्ञांचा सल्ला आहे.

भारतात वापिटी नाही. त्याचा जवळचा नातेवाईक हंगूल काश्मीरमध्ये, मुख्यतः दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात आढळतो. त्याची संख्या काही शेकड्यांपुरतीच उरली असून १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने त्याची शिकार पूर्णपणे निषिद्ध आहे. नियंत्रित शिकार वाढत्या कळपालाच सोसते, हे या दोन आप्तांच्या स्थितीवरून स्पष्ट होते.

[→ मृगकुल, शिकार, हंगूल].